ख्रिस्ती भजन म्हणजे काय? मराठी ख्रिस्ती घरांत श्रद्धा कशी जोपासली जाते?

2011 च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ख्रिस्ती लोक 1 टक्क्याहूनही कमी होते. भंडारा जिल्ह्यात हे प्रमाण त्याहून बरेच कमी आहे. साकोलीसारख्या तालुक्याच्या गावी वाढणाऱ्या ख्रिस्ती मुलाला आपला धर्म शाळेत किंवा गल्लीत सहज दिसत नाही. त्याला तो मिळतो तो घरात आणि रविवारच्या उपासनेत, तेही बरेचसे गाण्यातून.

घरातली पद्धत साधी असते. संध्याकाळी सगळे एकत्र बसतात, बायबलमधला एक उतारा वाचतात, गीत म्हणतात आणि मग एकेक जण आपल्या शब्दांत प्रार्थना करतो. कुणाचे आजारपण, मुलांची परीक्षा, धानासाठी पाऊस असे काहीही त्यात येते. कॅथलिक घरांत याच वेळी रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना होते. त्यासाठी मोठ्या जमावाची गरज नसते. मत्तयच्या शुभवर्तमानात (18:20) येशूने दोघा-तिघांचे एकत्र येणेही पुरेसे मानले आहे.

पण ही गीते भजन, अभंगाच्या वळणाची का? सुरुवातीच्या मिशनरी उपासनेत इंग्रजी चालींवर बसवलेली भाषांतरित गीते बरीच असत. ती म्हणायला अवघडच. हे चित्र बदलण्यात मोठा वाटा रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा (1861–1919) होता. 1893 मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एका युरोपियन प्रवाशाने त्यांना नवा करार दिला. हा लोहमार्ग भंडारा भागातूनच जातो. 10 फेब्रुवारी 1895 रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पुढे त्यांनी अभंग, पदे आणि भजने लिहिली. प्रोटेस्टंट मंडळ्यांच्या ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात त्यांची कितीतरी गीते आहेत.

टिळकांनी कीर्तनही वापरले. उधळ्या पुत्राची गोष्ट टाळ-मृदंगाच्या साथीने सांगितली की अक्षरओळख नसलेल्यालाही ती पाठ होई. त्या काळी धर्मांतर म्हणजे अनेकदा नातलगांशी ताटातूट. खुद्द टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे त्यांच्यापासून दूर राहिल्या. त्यांचा बाप्तिस्मा 1900 मध्ये झाला. तुटलेल्या माणसाला एकत्र गाणारी मंडळी हेच नवे गणगोत वाटत असावे.

ही परंपरा टिळकांच्याही आधीची आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ गोव्यात 1616 मध्ये छापले गेले आणि ते तिथल्या चर्चमध्ये वाचले जाई. त्यामुळे ख्रिस्ती भजनाला ‘नक्कल’ म्हणणे चुकीचे आहे. ओवी आणि अभंग ही मराठी बोलणाऱ्या सगळ्यांचीच मिळकत.

टिळक आणखी पुढे गेले. 1917 मध्ये साताऱ्यात त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला. त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या येशूभक्तांनाही जागा होती. एकत्र प्रार्थना करणाऱ्यांत कुणाला धरायचे, हा प्रश्न त्यांनी असा सोडवला. सगळ्यांना तो पटला नाही.