केंद्र कमजोर असतं तर? चंद्रपूर-गडचिरोलीच्या नकाशावरून समजून घ्या राज्यघटनेतला एक मोठा निर्णय

केंद्राकडे जास्त अधिकार असावेत की राज्यांकडे? जीएसटीचा वाटा असो, राज्यपालांचा निर्णय असो की एखादा खाणप्रकल्प, हा वाद दर काही महिन्यांनी सोशल मीडियावर पेटतोच. पण या वादात एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात नसते. आज आहे तेवढं ताकदवान केंद्र भारतात असेल, असं १९४६ मध्ये ठरलेलं नव्हतं. उलट केंद्राकडे फक्त तीन विषय ठेवायचे आणि बाकी सगळं प्रांतांकडे सोपवायचं, अशी योजना कागदावर तयार होती.

ती योजना मागे का पडली? तिच्या जागी जी राज्यघटना आली तिने काय दिलं आणि काय काढून घेतलं? हे समजून घ्यायला चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांसारखं दुसरं उदाहरण सापडणं कठीण. तेव्हा हा सगळा मिळून एकच चांदा जिल्हा होता.

१९४६ ची योजना काय होती?

ब्रिटिश सरकारने पाठवलेल्या कॅबिनेट मिशनने १६ मे १९४६ ला आपली योजना जाहीर केली. काँग्रेसला एकसंध भारत हवा होता आणि मुस्लिम लीगला पाकिस्तान. मिशनने मधला मार्ग काढला:

- केंद्राकडे फक्त संरक्षण, परराष्ट्र व्यवहार आणि दळणवळण.
- उरलेले सगळे विषय आणि शेषाधिकार, म्हणजे कोणत्याही यादीत नसलेले अधिकार, प्रांतांकडे.
- प्रांतांचे अ, ब आणि क असे तीन गट. चांदा जिल्हा ज्या मध्य प्रांत आणि वऱ्हाडात होता, तो 'अ' गटात.
- दहा वर्षांनी प्रांतांना या व्यवस्थेचा फेरविचार मागण्याची मुभा.
- संस्थानांवरची ब्रिटिशांची सार्वभौम सत्ता संपणार. पुढचं नातं वाटाघाटीतून ठरणार.

अशा रचनेला सैल राज्यसंघ म्हणता येईल. यात खरी सत्ता घटक राज्यांकडे असते आणि केंद्र त्यांच्या संमतीवर चालतं.

तेव्हा चांदा जिल्ह्याच्या सीमेवर काय होतं?

बल्लारपूरहून वर्धा नदी ओलांडली की राजुरा लागतं. आज हा चंद्रपूर जिल्ह्यातला तालुका आहे. १९४७ मध्ये मात्र नदीपलीकडे निजामाचं हैदराबाद संस्थान सुरू व्हायचं आणि राजुरा त्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होतं. तिथे वेगळा हाली सिक्का चालायचा, वेगळी टपालव्यवस्था होती आणि मालावर करोडगिरी म्हणजे संस्थानाची स्वतंत्र जकात होती.

पूर्वेला इंद्रावतीपलीकडे बस्तर संस्थान होतं. दक्षिण टोकाला, प्राणहिता आणि गोदावरीच्या संगमाजवळ सिरोंचा आहे. तिथून एका दिशेला हैदराबाद आणि दुसऱ्या दिशेला बस्तर. आज त्याच दोन दिशांना तेलंगण आणि छत्तीसगड आहेत.

जिल्ह्याच्या आतही सगळीकडे एकच कायदा नव्हता. अहेरीची मोठी जमीनदारी आणि गडचिरोली तहसिलीतल्या धानोरा, रांगी, मुरुमगाव, पोटेगाव अशा जमीनदाऱ्या १९३५ च्या कायद्यानुसार 'अंशतः वगळलेलं क्षेत्र' होत्या. प्रांताच्या विधिमंडळाने केलेला कायदा तिथे आपोआप लागू होत नसे. त्यासाठी गव्हर्नरचा वेगळा आदेश लागायचा.

म्हणजे एका जिल्ह्याच्या परिसरात ब्रिटिश प्रांत, दोन संस्थानं आणि वेगळ्या नियमांखालच्या जमीनदाऱ्या होत्या. तीन विषयांपुरतं केंद्र आलं असतं, तर नदीच्या दोन काठांवरच्या माणसांचे हक्क वेगवेगळेच राहण्याची शक्यता होती.

सैल संघाचा अनुभव या भागाला आधीही होता

गोंड राजांचं चांदा १७५१ मध्ये नागपूरकर भोसल्यांकडे गेलं. भोसले हे मराठा राज्यमंडळाचे एक घटक होते. पेशवे, शिंदे, होळकर, गायकवाड आणि भोसले यांची सत्ता नावाला एका छत्राखाली होती, पण प्रत्येकाचं सैन्य वेगळं, खजिना वेगळा आणि तहही वेगळे.

याची किंमत १८०३ मध्ये मोजावी लागली. पेशव्यांनी आधीच वसईचा तह करून इंग्रजांचा आश्रय घेतला होता. इंग्रजांशी लढायला शिंदे आणि भोसले उतरले आणि होळकर बाजूला राहिले. पराभवानंतर भोसल्यांनी १७ डिसेंबरला देवगावचा तह केला. शिंद्यांनी ३० डिसेंबरला सुर्जी-अंजनगावचा वेगळा तह केला. मे १८१८ मध्ये चांद्याचा किल्ला इंग्रजांनी घेतला. दुसऱ्या बाजीरावांच्या फौजेने चांद्याकडे यायचा प्रयत्न केला होता, पण ती पोहोचू शकली नाही.

अमेरिकेचंही असंच झालं होतं. स्वातंत्र्ययुद्धाच्या काळात तिथल्या १३ राज्यांनी एक सैल संघ केला आणि १७८१ मध्ये त्याचा करार लागू झाला. त्यांच्या केंद्रीय काँग्रेसला कर लावता येत नव्हता, राज्यांकडे पैसे मागावे लागायचे. करारात बदल करायचा तर तेराही राज्यांचा होकार हवा. युद्धाचं कर्ज फेडता येईना, राज्यं एकमेकांच्या मालावर कर लावू लागली. शेवटी १७८७ मध्ये फिलाडेल्फियात नवी राज्यघटना लिहिली गेली आणि १७८९ पासून ती अमलात आली.

भारतात मात्र सैल संघ प्रत्यक्षात येण्याआधीच बाजूला पडला.

मग विचार कसा बदलला?

संविधान सभेची पहिली बैठक ९ डिसेंबर १९४६ ला झाली. मुस्लिम लीगचा बहिष्कार होता. १७ डिसेंबरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्याला मजबूत केंद्र हवं असल्याचं सभेत स्पष्टपणे सांगितलं. १९३५ च्या कायद्यात होतं त्याहूनही मजबूत केंद्र त्यांना हवं होतं. पण तोपर्यंत कॅबिनेट मिशनच्या योजनेचं बंधन होतं. त्यामुळे जवाहरलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखालच्या केंद्रीय अधिकार समितीचा पहिला अहवालही त्या चौकटीतच राहिला.

३ जून १९४७ ला फाळणीची योजना जाहीर झाली आणि चित्र पालटलं. लीगला सोबत ठेवण्यासाठी केंद्र कमजोर ठेवायचं हे कारणच उरलं नाही. जुलैमध्ये त्याच समितीने भूमिका बदलली. शांतता राखणं आणि देशाच्या समान प्रश्नांत समन्वय ठेवणं कमजोर केंद्राला जमणार नाही, असा तिचा निष्कर्ष होता. दंगली, निर्वासित आणि अन्नटंचाई समोर दिसत होती.

संस्थानांचा प्रश्न दोन टप्प्यांत सुटला. आधी सामीलनामे झाले. त्यात संस्थानांनी संरक्षण, परराष्ट्र व्यवहार आणि दळणवळण हेच तीन विषय केंद्राला दिले होते. मग विलीनीकरण झालं. डिसेंबर १९४७ मध्ये सरदार पटेल नागपूरला आले, छत्तीसगडच्या संस्थानिकांनी करारावर सह्या केल्या आणि १ जानेवारी १९४८ पासून बस्तरचा कारभार मध्य प्रांताकडे आला. हैदराबादच्या निजामाने सामील व्हायला नकार दिला. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस ॲक्शननंतर १७ सप्टेंबरला हैदराबादने शरणागती पत्करली. राजुरा भागात आजही हा दिवस मुक्तिदिन म्हणून पाळला जातो.

राज्यघटनेने नेमकं काय केलं?

२६ जानेवारी १९५० ला लागू झालेल्या घटनेत अधिकारांच्या तीन सूची होत्या. केंद्रसूचीत ९७ विषय, राज्यसूचीत ६६ आणि समवर्ती सूचीत ४७. शेषाधिकार केंद्राकडे गेले. १९४६ च्या योजनेच्या हे अगदी उलट होतं.

४ नोव्हेंबर १९४८ ला घटनेचा मसुदा मांडताना आंबेडकरांनी 'संघ' या शब्दाचा अर्थ सांगितला होता. भारतीय संघ राज्यांनी आपसांत करार करून तयार झालेला नाही, म्हणून कोणत्याही राज्याला त्यातून बाहेर पडता येणार नाही.

अनुच्छेद ३ नुसार संसद साध्या बहुमताने राज्यांच्या सीमा बदलू शकते. संबंधित विधानसभेचं मत मागवावं लागतं, पण ते बंधनकारक नाही. चांद्याने याचा अनुभव पुरेपूर घेतला. १९५० मध्ये हा जिल्हा मध्य प्रदेशात होता, १९५६ मध्ये मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. राजुरा १९५६ मध्ये आधी नांदेडला आणि १९५९ मध्ये चांद्याला जोडलं गेलं.

सीमांचे वाद संपले असं नाही. जिवती तालुक्यातल्या १४ गावांवर महाराष्ट्र आणि तेलंगण दोघंही दावा सांगतात. तिथे अनेकांकडे दोन्ही राज्यांची रेशनकार्डं आहेत. पण कोणत्याही बाजूने निकाल लागला तरी त्या माणसांचं नागरिकत्व आणि मूलभूत हक्क तेच राहतात. करोडगिरीच्या काळात ही खात्री नव्हती.

अहेरीचे राजे थेट सर्वोच्च न्यायालयात

नव्या घटनेचा आणखी एक परिणाम अहेरीत दिसला. मध्य प्रदेश सरकारने १९५० मध्ये जमीनदारी रद्द करणारा कायदा केला. अहेरीचे जमीनदार राजे विश्वेश्वरराव यांनी त्याला थेट सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं. दरम्यान १९५१ मध्ये संसदेने पहिली घटनादुरुस्ती करून अशा कायद्यांना संरक्षण दिलं होतं. १९५२ मध्ये न्यायालयाने मध्य प्रदेशचा कायदा वैध ठरवला.

कायदा राज्याचा, त्याला कवच संसदेचं आणि निवाडा देशाच्या न्यायालयाचा. मजबूत राष्ट्रीय घटना प्रत्यक्षात कशी चालते, हे एवढ्या एका खटल्यात दिसतं. पुढे विश्वेश्वररावांनी वेगळ्या विदर्भासाठी चळवळ केली आणि १९७७ मध्ये ते चंद्रपूरमधून लोकसभेवर निवडून गेले.

मग आदिवासींच्या वाट्याला काय आलं?

संविधान सभेत १९ डिसेंबर १९४६ ला जयपाल सिंग मुंडा यांनी हा प्रश्न मांडला होता. आदिवासींकडे लोकशाहीची स्वतःची परंपरा आहे, ती त्यांना कोणी शिकवण्याची गरज नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

घटनेत याचं उत्तर पाचव्या अनुसूचीच्या रूपाने आलं. अनुसूचित क्षेत्रात एखादा कायदा लागू करायचा नाही किंवा बदलून लागू करायचा, हे राज्यपाल ठरवू शकतात. जनजाती सल्लागार परिषदेची तरतूद आहे. गडचिरोलीचा मोठा भाग आणि चंद्रपूरमधली राजुरा परिसरातली काही गावं या क्षेत्रात येतात. जुन्या वगळलेल्या क्षेत्राशी याचं साम्य उघड आहे, फक्त आता तिथल्या लोकांना मताचा आणि मूलभूत हक्कांचा आधार आहे.

पण जंगलाच्या बाबतीत सत्ता वरच सरकत गेली. मूळ घटनेत वन हा विषय राज्यसूचीत होता. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने तो समवर्ती सूचीत गेला. १९८० च्या वन संवर्धन कायद्याने वनजमीन दुसऱ्या कामासाठी वापरायला केंद्राची पूर्वपरवानगी सक्तीची केली. गडचिरोलीचा बहुतांश भूभाग जंगलाचा, त्यामुळे सिंचन प्रकल्प असो की रस्ता, फाईल दिल्लीपर्यंत जाते. यामुळेच जंगल टिकलं असं काही जण म्हणतात, तर यामुळेच जिल्हा मागे राहिला असं दुसरे. दोन्ही बाजूंकडे दाखवायला उदाहरणं आहेत.

उलटा प्रवास: संसदेकडून ग्रामसभेकडे

याच संसदेने नंतर दोन कायदे करून काही अधिकार थेट गावाला दिले. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला स्थान दिलं. २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वनहक्क मान्य केले. शाळा, अंगणवाडी, रस्ता अशा गावाच्या सोयींसाठी एक हेक्टरपर्यंतची वनजमीन ग्रामसभेच्या शिफारशीने मिळण्याची सोयही त्यात आहे.

धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबू विकण्यासाठी लागणारा वाहतूक परवाना द्यायचा कोणी, यावर वाद झाला. एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत परवान्याचा अधिकार ग्रामसभेकडे आला. पेसाचे महाराष्ट्राचे नियम यायला तर २०१४ उजाडलं, म्हणजे कायद्यानंतर १८ वर्षं.

याचा अर्थ असा की अधिकार कोणत्या पातळीवर आहे एवढंच पाहून भागत नाही. संसदेने गावाला दिलेला हक्क राज्यात येऊन अडकू शकतो आणि राज्याकडून काढलेला विषय दिल्लीत अडकू शकतो.

थोडक्यात

कमजोर केंद्राची योजना भारताने सोडली, म्हणून राजुऱ्याचा आणि चंद्रपूरचा माणूस एकाच देशाचा समान नागरिक झाला. त्याच मजबूत केंद्रामुळे गडचिरोलीच्या जंगलाचे निर्णय हजार किलोमीटर दूर जाऊ लागले. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. पुढच्या वेळी 'केंद्र की राज्य' हा वाद टाइमलाइनवर दिसला, तर तिसरा दावेदारही आठवा. मेंढा-लेखाची घोषणा त्याच्याबद्दलच आहे: "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार."