वाईट बातमीची गरज

वर्तमानपत्रे केवळ वाईटच छापतात, ही तक्रार जुनी आहे. खून, अपघात, लाचलुचपत यांनी पहिले पान भरते; जे सुरळीत चालले आहे त्याला कोपराही मिळत नाही. याचे कारण बहुधा खपाच्या गणितात शोधले जाते. ते खोटे नाही, पण अपुरे आहे.

१९६५ साली योहान गाल्टुंग आणि मारी होल्म्बो रूगे यांनी काँगो, क्यूबा व सायप्रस येथील पेचप्रसंगांच्या बातम्या नॉर्वेतील चार वृत्तपत्रांत कशा आल्या, हे तपासले. त्यांच्या विवेचनातील एक मुद्दा कालमानाचा आहे. चांगले सावकाश घडते, वाईट क्षणात घडते. आणि रोज निघणाऱ्या पत्राला एका दिवसात पुरी होणारी घटनाच पेलते. पानशेतचे धरण उभे राहण्यास वर्षे लागली. १२ जुलै १९६१ रोजी ते फुटले आणि काही तासांत पुण्याचा नदीकाठ उद्ध्वस्त झाला. बातमी कशाची होणार, हे उघड आहे.

परंतु वाईट बातमी छापलीच गेली नाही, तर काय होते? याचे उत्तर १९४३ च्या बंगालमध्ये मिळते. युद्धकाळ होता, वृत्तपत्रांवर निर्बंध होते. ब्रिटिश अमदानीतील दुष्काळसंहितेनुसार दुष्काळ जाहीर झाला, की मदतीची जबाबदारी सरकारवर येई. १८९६-९७ च्या दुष्काळात ‘केसरी’ने ही संहिताच शेतकऱ्यांपर्यंत पोचवली होती. १९४३ मध्ये मात्र सरकारने दुष्काळ जाहीरच केला नाही. माणसे कलकत्त्याच्या रस्त्यांवर मरत होती आणि सरकारी भाषेत दुष्काळ नव्हता. चित्तप्रसाद यांचे भुकेल्या बंगालवरील सचित्र पुस्तक सरकारने जप्त केले.

अखेर २२ ऑगस्ट १९४३ रोजी ‘स्टेट्समन’ने उपासमारीने खंगलेल्या माणसांची छायाचित्रे छापली. हे पत्र इंग्रजांच्या मालकीचे आणि त्याचे संपादक इयन स्टीफन्सही इंग्रजच. त्यामुळे ‘हा राष्ट्रवाद्यांचा कांगावा’ म्हणून ते बाजूला सारणे सोपे नव्हते. पत्राने अग्रलेखांतूनही सरकारला धारेवर धरले आणि दुष्काळ जगापुढे आला. ऑक्टोबरमध्ये व्हाइसरॉय म्हणून आलेल्या वेव्हेल यांनी मदतकार्यात लष्कर उतरवले. तोवर फार उशीर झाला होता. सरकारी चौकशी आयोगाने मृतांचा अंदाज सुमारे १५ लाख दिला. नंतरच्या अनेक अभ्यासकांनी तो ३० लाखांपर्यंत नेला.

लहानपणी हा दुष्काळ पाहिलेल्या अमर्त्य सेन यांनी पुढे असे प्रतिपादन केले, की लोकशाही आणि मुक्त वृत्तपत्रे असलेल्या देशात मोठा दुष्काळ पडत नाही. कारण सत्ताधाऱ्यांना बातमीची आणि मतदाराची धास्ती असते. १९५८ ते १९६१ या काळात चीनमध्ये कोट्यवधी माणसे दगावली, तेव्हा तेथील वृत्तपत्रांत भरघोस पिकांची वर्णने येत होती. सकारात्मक बातम्यांची ती पराकाष्ठाच म्हणावी लागेल!

तथापि याच विवेचनाला सेन यांनी एक मर्यादाही जोडली आहे. भारतीय वृत्तपत्रे दुष्काळाची हाकाटी करतात, पण वर्षानुवर्षे चालणाऱ्या कुपोषणापुढे ती बरीचशी मूक राहतात. अर्धपोटी राहण्याला ठरावीक तारीख नसते. ते कोणत्याही एका दिवशी ‘घडत’ नाही. कालमानाचा मुद्दा येथे पुन्हा उपस्थित होतो. जी चौकट सावकाश घडणारे चांगले वगळते, तीच सावकाश घडणारे वाईटही वगळते.

म्हणून वृत्तपत्रांवरील आक्षेप निराळ्या शब्दांत मांडायला हवा. ती वाईट फार छापतात, हा त्यांचा मुख्य दोष नव्हे. वाईटातही जे अकस्मात घडते तेवढेच त्यांना दिसते, हा दोष अधिक गंभीर आहे. चांगल्या बातम्यांची पुरवणी काढून तो भरून निघणार नाही.