एकच डोस पुरतो, हे कळलं कुठून?

आजची गोष्ट शेजारची आहे. लातूरहून पूर्वी जी छोटी रेल्वे मिरजेला जायची, तिच्या वाटेवरच्या बार्शीची.

एचपीव्ही हा शरीरसंबंधातून पसरणारा विषाणू. बहुतेकांच्या अंगातून तो आपोआप जातो. काही बायकांत मात्र वर्षानुवर्षं राहतो आणि गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर होतो. आपल्याकडं 'पिशवीचा कॅन्सर' म्हणतात आणि विषय बदलतात.

1999 साली बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आणि मुंबईचं टाटा मेमोरियल उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आताच्या धाराशिवमध्ये उतरलं. (लातूर 1982 मध्ये याच जिल्ह्यातून वेगळा झाला.) 497 गावं, 30 ते 59 वयाच्या 1,31,746 बायका, चार गट. एका गटाची एचपीव्ही तपासणी झाली, तीही एकदाच. एका गटाला फक्त नेहमीची सेवा. आठ वर्षांनी हिशेब केला, तर या कॅन्सरनं तपासणीच्या गटात 34 बायका गेल्या होत्या, नेहमीच्या सेवेच्या गटात 64. दोन्ही गट साधारण सारखेच मोठे. हा आकडा जगभर गाजला. पण त्या 64 जणींना तपासणी का दिली नाही, यावरून वादही झाला. तो व्हायलाच हवा होता, असं माझं मत.

मग आली लस. 2009 मध्ये 10 ते 18 वयाच्या मुलींवर अभ्यास सुरू झाला, देशात नऊ ठिकाणी, त्यात बार्शी होतंच. प्रश्न होता, दोन डोस पुरतात की तीनच लागतात? तेवढ्यात आंध्र आणि गुजरातमधल्या एका वेगळ्या प्रकल्पात काही मुलींचे मृत्यू झाले. चौकशीत त्यांचा लसीशी संबंध आढळला नाही. पण संमती घेण्यात मोठ्या त्रुटी सापडल्या. एप्रिल 2010 मध्ये सरकारनं सगळीकडचं लसीकरण थांबवलं. हजारो मुली एकाच डोसवर अडकल्या.

संशोधकांनी त्यांची साथ सोडली नाही. दहा वर्षांनी, 2021 मध्ये निकाल आला: कॅन्सरला सगळ्यात जास्त कारण ठरणाऱ्या 16 आणि 18 या प्रकारांच्या टिकून राहणाऱ्या संसर्गापासून एका डोसनंही सुमारे 95 टक्के संरक्षण दिलं होतं. पुढच्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेनं 9 ते 20 वयासाठी एका डोसचा पर्याय मान्य केला. त्याच वर्षी पुण्याच्या सीरमच्या लशीला परवानगी मिळाली.

बार्शीच्या त्या मुली आता तिशीच्या आसपास असतील. लस विषाणूच्या सगळ्या प्रकारांवर चालत नाही, म्हणून तिशीनंतर तपासणी त्यांनाही लागतेच. त्यांच्यापैकी कुणी ऐकत असेल, तर मेसेज करा. तुमच्याकडूनच ऐकायचंय.