तारेची वाट

ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य टोकाला, क्वीन्सलंड प्रांताचा जो मुलूख शिंगासारखा निमुळता होत टोरेसच्या सामुद्रधुनीपर्यंत गेला आहे, त्या केप यॉर्कच्या अरण्यात, पाऊस सरून नद्या ओसरल्यावर, मुलेबाळे, तंबू, पाण्याची पिंपे आणि डिझेलचे डबे घेऊन फोर-व्हील ड्राइव्ह गाड्यांतून उतरणाऱ्या कुटुंबांना ज्या खडतर वाटेचे एवढे अप्रूप वाटते, ती मुळात प्रवाशांसाठी आखलेलीच नव्हती. ती आखली गेली एका तारेसाठी.

या मुलखाची गोऱ्यांच्या दप्तरातील सुरुवात अशुभच म्हटली पाहिजे. १८४८ साली एडमंड केनेडीबरोबर निघालेल्या मोहिमेतील १३ जणांपैकी तिघेच वाचले. केनेडी स्वतः एस्केप नदीजवळ भाल्यांनी घायाळ होऊन मरण पावला, आणि त्याला अखेरपर्यंत साथ देऊन एकट्याने टोक गाठणारा व तेथे वाट पाहणाऱ्या जहाजास वर्दी देणारा गलमारा, ज्याला गोरे लोक जॅकी जॅकी म्हणत, तो नसता तर उरलेल्या दोघांचेही प्राण वाचले नसते. पुढे टोकाशी सॉमरसेटचे ठाणे बसले, १८७७ मध्ये तेथला कारभार थर्सडे बेटावर हलला, आणि त्या दूरच्या ठाण्याशी ब्रिस्बेनचा संबंध जोडण्यासाठी १८८३ साली ब्रॅडफर्ड या तारखात्याच्या अधिकाऱ्याने मार्गाची पाहणी केली. १८८७ मध्ये तारेचे काम पुरे झाले. मस्ग्रेव्ह, मेन, मॉर्टन अशी ठाणी बांधताना त्यांच्या कोपऱ्यांत बंदुकीसाठी जंग्या ठेवल्या होत्या. ज्यांची भूमी घेतली त्यांच्याविषयीची धास्ती याहून स्पष्टपणे कोणत्याही सरकारी अहवालात लिहिली गेली नसेल.

तारेला उताराची फिकीर नसते. ओहोळाच्या या काठावरील खांबावरून पलीकडच्या खांबावर ती अधांतरी जाते. तिच्या खालून घोड्यावर गस्त घालणाऱ्या लाइनमनला मात्र प्रत्येक ओहोळात उतरून पुन्हा चढावे लागे, आणि घोडा जो काठ चार झेपांत चढून जाई, त्यावर आजची जड गाडी निम्म्यात लटकते. गनशॉट ओहोळाचा जवळजवळ उभा मातीचा काठ हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. १९२८ साली मॅक्वॉरी आणि मॅथ्यूज या दोघांनी ऑस्टिन सेव्हन ही चिमुकली मोटार सिडनीहून केप यॉर्कपर्यंत नेली, तेव्हा आजची साधने नव्हती. आज इंजिनाला हवा ओढणारी नळी छपरापर्यंत नेलेली असते, आणि विंचची तार झाडाला अडकवताना साल सोलू नये म्हणून खोडाभोवती आधी रुंद पट्टा गुंडाळतात. तरीही पाण्यात गाडी घालण्यापूर्वी तळ नीट पारखावाच लागतो, आणि तेव्हाही मगरींचे भान सोडून चालत नाही. मला तर अशा वेळी काठावर थांबलेल्या मुलांचे उतावीळ कुतूहल, बापाच्या सावधपणापेक्षा अधिक समजण्याजोगे वाटते.

१९८७ मध्ये तारेचा कारभार संपला. अवघड भागाला वळसा घालणारे रस्ते झाले आहेत, जार्डीन नदीवर तराफाही आहे. त्यामुळे जुनी वाट आता कोणाला सक्तीची राहिलेली नाही. ज्यांना ती हवी असते तेच तिच्यावर जातात, आणि दर पावसाळ्यानंतर काठ खचून उतार बदलला असेल, तर जवळच नवी घसरण शोधतात.