जुन्या जीपचे पूर्वायुष्य : नसरापूर–वेल्हे रस्त्यावरील वाहनांचा इतिहास

पुणे–सातारा महामार्गावरील चेलाडी फाट्यावरून पश्चिमेकडे वळणारा रस्ता नसरापूरच्या बाजारपेठेतून पुढे निघतो आणि मार्गासनी, विंझर या गावांवरून तोरण्याच्या पायथ्याशी असलेल्या वेल्ह्याला पोचतो. मार्गासनीहून त्याचा एक फाटा साखरमार्गे राजगडाखालच्या गुंजवण्याला जातो, तर वेल्ह्यापलीकडे केळदपर्यंत गेल्यावर मढे घाटापाशी देश संपून कोकणाचा उतार सुरू होतो. भोर तालुक्यातील नसरापूर हे गाव अशा रीतीने सपाट महामार्ग आणि मावळातील चढ-उताराचे, पावसाळ्यात चिखलाने आणि दरडींनी अडणारे रस्ते यांच्या सांध्यावर वसलेले आहे. येथे चालणाऱ्या चारचाकीकडून लोकांची अपेक्षा म्हणूनच शहरापेक्षा वेगळी राहिली. ओढणारी, चढणारी आणि गावच्या फिटरला उमगणारी गाडी हवी, आणि ती बहुधा जुनीच परवडते, अशा दोन अटींतून येथील वापरलेल्या जीपच्या व्यवहाराला आकार आला. त्या व्यवहाराचा इतिहास पाहिला असता एक गोष्ट स्पष्ट होते, ती अशी की, जुन्या गाडीची लायकी तिच्या वयापेक्षा तिने आधी कोणाची चाकरी केली यावर अधिक ठरते.

जीप हे मुळात दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकी सैन्याचे वाहन होते. विलिस आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी १९४१ ते १९४५ या काळात मिळून सहा लाखांहून अधिक जीप बांधल्या. या गाडीच्या रचनेतील तीन गोष्टी पुढील सर्व इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत. पहिली म्हणजे चासी, अर्थात दोन लांब पोलादी तुळया आडव्या पट्ट्यांनी जोडून केलेला शिडीसारखा सांगाडा, ज्यावर इंजिन आणि बॉडी स्वतंत्रपणे बसवलेली असते, त्यामुळे मागे जोडलेल्या ओझ्याची ओढ बॉडीवर न येता थेट या सांगाड्यावर येते. दुसरी म्हणजे फोर-व्हील ड्राइव्ह, म्हणजे इंजिनाचा जोर मागच्या चाकांबरोबर पुढच्या चाकांनाही देण्याची सोय. तिसरी म्हणजे ट्रान्सफर केस, अर्थात मुख्य गिअरबॉक्सला जोडलेली दुसरी लहान पेटी, जिचा दांडा ‘लो’वर टाकला की गाडीचा वेग जवळपास निम्म्यावर येतो आणि चाकांना मिळणारा जोर त्याच प्रमाणात वाढतो. युद्धकाळातील जीपला सुमारे ४५० किलो वजनाचा छोटा ट्रेलर ओढण्याची मुभा होती, आणि गाडीचे स्वतःचे वजन जेमतेम एक टन होते हे लक्षात घेतले म्हणजे तिची ताकद इंजिनापेक्षा गिअरच्या गणितात होती हे कळते.

महाराष्ट्रात ही गाडी रुजवली ती मुंबईतील महिंद्र कंपनीने. जगदीशचंद्र आणि कैलाशचंद्र महिंद्र या बंधूंनी मलिक गुलाम मुहंमद यांच्यासह १९४५ मध्ये ‘महिंद्र अँड मुहंमद’ या नावाने पोलादाचा व्यापार सुरू केला; फाळणीनंतर गुलाम मुहंमद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये कंपनीचे नाव ‘महिंद्र अँड महिंद्र’ असे बदलले. १९४७ पासून विलिस जीपचे सुटे भाग आणून येथे जोडणी होऊ लागली, आणि पुढे उंच बॉनेटचे सीजे-३बी हे मॉडेल देशातच बनू लागले. अमेरिकेत त्याचे उत्पादन थांबल्यानंतरही भारतात तो साचा अनेक दशके चालू राहिला. सुटे भाग वर्षानुवर्षे तेच राहिल्यामुळे एका गाडीचा क्राऊन-पिनियन, म्हणजे एक्सलमधील दातेरी चाकांची जोडी, दुसऱ्या गाडीला बसत असे, आणि तालुक्याच्या गावातील गॅरेजवाल्यालाही ती पुरती खोलून पुन्हा जोडता येत असे.

ग्रामीण महाराष्ट्रात जीप प्रथम आली ती सरकारी गाडी म्हणून. २ ऑक्टोबर १९५२ रोजी सुरू झालेल्या सामूहिक विकास कार्यक्रमाने गटविकास अधिकाऱ्याला जीप मिळाली, आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा व पंचायत समित्या अस्तित्वात आल्यावर सभापतीची जीप हे सत्तेचे चिन्हच बनले. वेल्हे आणि भोर या तालुक्यांत धरणांच्या कामांची त्यात भर पडली. १२ जुलै १९६१ रोजी फुटलेले पानशेत, त्याच्या शेजारचे वरसगाव, नंतरच्या काळातील नीरा-देवघर आणि गुंजवणी या सर्व कामांची आखणी ज्या डोंगराळ भागात झाली, तेथे अधिकाऱ्यांना आणि सामानाला पोचवणारे वाहन जीप हेच होते. सरकारी खात्यांच्या अशा गाड्या मुदत भरली की लिलावात निघत. सैन्याच्या जीप आणि जबलपूरच्या कारखान्यात बनलेल्या, निसानच्या आराखड्यावरील चार लिटर पेट्रोल इंजिनाच्या जोंगा गाड्याही याच वाटेने नागरी बाजारात आल्या. जोंगाचे पेट्रोल परवडेना म्हणून घेणारे लोक तिच्यात डिझेल इंजिन बसवून घेत. लिलावातील गाडीचे किलोमीटर कमी आणि फोर-व्हील ड्राइव्ह शाबूत असे, परंतु ती बराच काळ उभी राहिलेली असल्याने रबरी नळ्या, ब्रेकचे सिलिंडर आणि सील सुकलेली असत.

जीपचा दुसरा अवतार वडापचा. वडाप म्हणजे ठरावीक मार्गावर माणसे भरून चालवलेली खासगी प्रवासी जीप. कायद्याच्या भाषेत टप्प्याटप्प्याने प्रवासी चढवण्या-उतरवण्याचा परवाना राज्य परिवहनाकडे असल्याने हा धंदा सदैव नियमाच्या कडेवर राहिला. १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली आणि पुढे ती खेड्यापाड्यांत गेली, तरी आठवडे बाजार, दवाखाना आणि शाळा यांच्या वेळा एसटीच्या फेऱ्यांशी नेहमी जुळत नसत, आणि चेलाडी फाट्यावर उतरलेल्या प्रवाशाला वेल्ह्याकडे नेण्याचे काम वडापच्या जीपने उचलले.

हा धंदा शक्य झाला तो डिझेलमुळे. १९८०च्या दशकात महिंद्रने फ्रान्सच्या प्यूजो कंपनीचे डिझेल इंजिन घेतले व ते इगतपुरीच्या कारखान्यात बनू लागले. त्याच सुमारास, नवलमल फिरोदियांनी १९५८ मध्ये स्थापन केलेल्या आणि आकुर्डीला कारखाना असलेल्या बजाज टेम्पोने (२००५ पासून फोर्स मोटर्स) मर्सिडीझच्या परवान्यावरील डिझेल इंजिनाची ट्रॅक्स बाजारात आणली. महिंद्रच्या कमांडर, मार्शल या गाड्यांत पुढे जे ‘डीआय’ (डायरेक्ट इंजेक्शन) डिझेल इंजिन आले, ते इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीच्या ट्रॅक्टर इंजिनांच्या घराण्यातले होते, ८८.९ मिलिमीटर व्यासाचा सिलिंडर आणि १०१.६ मिलिमीटरची धाव ही त्याची मापे, म्हणजे इंचांत साडेतीन आणि चार, ते मूळ नाते आजही सांगतात. सावकाश फिरणारे, आवाज आणि धूर करणारे, पण कमी फेऱ्यांत जोर देणारे हे इंजिन ट्रॅक्टर दुरुस्त करणाऱ्या फिटरच्या हाताला परके नव्हते.

वडापच्या गणितात मात्र चारही चाकांच्या जोराला स्थान नव्हते. पुढचा एक्सल आणि ट्रान्सफर केस यांचे वजन डिझेल खाते, दुरुस्ती वाढवते आणि भाडे काही वाढवत नाही. म्हणून बहुतेक मालकांनी दोन चाकांनी ओढणारी गाडीच घेतली, आणि काहींनी असलेला पुढचा एक्सलही काढून टाकला. दिसायला रांगडी, उंच आणि जाड टायरांची असलेली जुनी कमांडर प्रत्यक्षात पावसाळी शेतवाटेवर कारइतकीच अडकते, त्याचे कारण हे आहे. अशा गाडीची तपासणी खालून केली की तिचा धंदा उघड होतो. नऊ-दहा माणसांच्या जागी पंधरा-सोळा बसवून वर्षानुवर्षे चालवल्याने मागच्या कमानींचे पाटे उलटे वाकलेले किंवा वाढीव पाटा घातलेले असतात. पाट्यांचे टोक चासीला जिथे अडकते तिथे भातखाचरांच्या रस्त्यावरचा चिखल साचून गंज धरतो. आणि त्या जागी वरून पत्रा वेल्डिंग केलेला आढळला, तर मागे ट्रेलर लावण्याचा विचार सोडून द्यावा लागतो, कारण ओढीचा सगळा ताण नेमका त्याच ठिकाणी येतो.

ओढकामाचा इतिहास याहून वेगळा आहे. सरकारी जीपमागे दिसणारा छोटा ट्रेलर शेतीत फारसा टिकला नाही, कारण ट्रॅक्टर आल्यावर खत, वीट, भाताची पोती वाहण्याचे काम ट्रॉलीकडे गेले. जीपकडे उरले ते मुख्यतः टोचन, म्हणजे बंद पडलेली गाडी दोराने किंवा साखळीने ओढून गॅरेजपर्यंत नेणे. १९८९ च्या रस्तेविषयक नियमांनी यासाठी दोन वाहनांतील अंतर पाच मीटरपेक्षा जास्त नसावे आणि वेग ताशी २४ किलोमीटरच्या आत असावा असे ठरवले होते. ट्रेलरची गोष्ट निराळी. मोटार वाहन कायदा १९८८ ट्रेलरलाही वाहन मानत असल्याने त्याची स्वतंत्र नोंदणी लागते, आणि मोटारसायकल किंवा होडी मागे लावून पानशेतकडे निघालेल्या आजच्या हौशी माणसाला हा कागद हुकाइतकाच आवश्यक ठरतो.

१९९४ मध्ये टाटांची सुमो आणि १९९८ मध्ये सफारी आली, तर महिंद्रने २००० मध्ये बोलेरो आणि २००२ मध्ये स्कॉर्पिओ आणली. यांपैकी सुमो आणि बोलेरो यांनी वडापचे काम केले व बहुतांश दोन चाकांवरच केले. सफारी आणि स्कॉर्पिओ यांच्या फोर-व्हील ड्राइव्ह आवृत्त्या मात्र शहरी मालकांनी घेतल्या, ज्यांनी ‘लो’ गिअर क्वचितच वापरला. या गाड्यांत दांड्याऐवजी विजेच्या बटणाने ट्रान्सफर केस चालते. न वापरलेली मोटर आणि तारा अनेक वर्षांनी दगा देतात, तर जुन्या जीपचा लोखंडी दांडा ताठरला तरी हाताने मोकळा करता येतो. याच काळात, डिसेंबर २००० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेने दुर्गम वाड्यांपर्यंत डांबर नेले, आणि वेल्ह्याच्या खोऱ्यात फोर-व्हील ड्राइव्हची गरज पोटापेक्षा हौसेची होत गेली. दुर्गभ्रमंती करणारे आणि पावसाळी घाटवाटा धुंडाळणारे पुणेकर आता या जुन्या गाड्यांचे मुख्य गिऱ्हाईक आहेत.

कायद्यानेही या बाजाराला वळण दिले. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षे चालते आणि त्यानंतर दर पाच वर्षांनी पासिंग करून ती वाढवावी लागते. महाराष्ट्रात २०१० पासून अशा जुन्या गाड्यांवर पर्यावरण कर आहे, आणि १ एप्रिल २०२२ पासून मोटारीच्या पुनर्नोंदणीचे केंद्रीय शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर आलेल्या बंदीला २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुजोरा दिल्यावर तिकडच्या अनेक सफारी-स्कॉर्पिओ ना-हरकत प्रमाणपत्र घेऊन इतर राज्यांत विकल्या गेल्या. अशी गाडी स्वस्त पडली, तरी मूळ राज्याचे प्रमाणपत्र, येथील कर आणि चासी क्रमांकाची पडताळणी यांचा हिशेब केल्याखेरीज तिची खरी किंमत कळत नाही.

या साऱ्या इतिहासातून तपासणीचा एक क्रमही हाती लागतो. लिलावातील सरकारी किंवा लष्करी गाडीत आधी रबर आणि ब्रेक पाहावेत, वडापच्या गाडीत चासी आणि पाटे, शहरी सफारी-स्कॉर्पिओत ट्रान्सफर केसचे बटण प्रत्यक्ष चिखलात दाबून, आणि परराज्यातील गाडीत सर्वांआधी कागद. नसरापूरकडून केळदला जाणाऱ्या वाटेसाठी आणि मागे हलका ट्रेलर ओढण्यासाठी सर्वांत नवी वा सर्वांत ताकदवान गाडी लागत नाही. सरळ चासी, चालू ‘लो’ गिअर आणि वेल्ह्याच्या फिटरला ठाऊक असलेले इंजिन एवढे पुरते, आणि यांतले पहिले नसेल तर बाकी दोन्हींचा उपयोग नाही.