विगनची लोंगानिसा

आमच्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया मनिला नगरींत फ्रान्सिस्कन संघांत दाखल झाले, हें येथील लहान मुलांसही ठाऊक आहे. परंतु ज्या फिलिपाइन बेटांनीं त्यांस आश्रय दिला, तेथील लोक काय खातात, कसे राहतात, याची विचारपूस आपण क्वचितच करतों. म्हणून स्मरणिकेच्या या पानावर तेथील एका पदार्थाची हकीकत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे. विषय स्वयंपाकघरांतील आहे म्हणून वाचकांनीं नाक मुरडूं नये. त्यांत राज्यकर्त्यांचा जुलूमही आहे आणि प्रजेचें रक्तही आहे.

लुझोन बेटाच्या वायव्य किनाऱ्यावर इलोकोस प्रदेशांत विगन नांवाचें शहर आहे. हुआन दे साल्सेदो या स्पॅनिश सरदारानें इ. स. १५७२ मध्यें तेथें ठाणें वसविलें. १७५८ मध्यें नुएव्हा सेगोव्हियाच्या बिशपांचें पीठही तेथेंच आलें. या शहराची लोंगानिसा, म्हणजे आंतड्यांत भरलेलें डुकराचें मांस, साऱ्या फिलिपाइन्समध्यें नांवाजलेली आहे.

शब्द अर्थातच स्पॅनिश. त्याचें मूळ लॅटिन ‘लुकानिका’. दक्षिण इटलींतील लुकानियाच्या लोकांपासून रोमन शिपाई हा पदार्थ शिकले, असें वाऱ्हो हा रोमन ग्रंथकार सांगतो. एवढ्यावरून कित्येक जण तीस स्पेनची देणगी म्हणून मोकळे होतात. आमच्या मतें हें अर्धेंच खरें. नांव समुद्रावरून आलें. चव मात्र इलोकोसच्या मातींतली आहे. तेथील लसूण लहान पाकळ्यांची पण फार उग्र असते, आणि ती हात न आखडतां घालतात. आंबटपणास द्राक्षाचा नव्हे, तर उसाचा शिरका.

या शिरक्यापाशीं थोडें थांबलें पाहिजे. उसाचा रस उकळून, रांजणांत मुरवून इलोकानो लोक ‘बासी’ नांवाचें मद्य करतात. तेंच पुढें आंबलें म्हणजे शिरका होतो. १७८६ मध्यें सरकारनें हें मद्य खासगी रीतीनें करण्यास बंदी केली व तें सरकारी दुकानांतूनच घेण्याची सक्ती केली. ज्यांचीं लग्नें आणि मर्तिकें बासीवांचून होत नसत, त्यांस हें सोसवलें नाहीं. १६ सप्टेंबर १८०७ रोजीं उत्तरेकडील पिद्दिग गांवीं बंडाचा भडका उडाला. बंडवाले दक्षिणेस विगनच्या रोखानें निघाले; २८ सप्टेंबर रोजीं सान इल्देफोन्सो येथें सरकारी फौजेनें त्यांचा मोड केला. एस्तेबान व्हिल्यानुएव्हा या चिताऱ्यानें १८२१ मध्यें हा प्रसंग, आकाशांतील धूमकेतूसह, चौदा चित्रांत रंगविला. क्रुसाच्या वाटेचीं स्थानकेंही चौदाच. हा योग कीं हेतु, हें त्या चिताऱ्यासच ठाऊक.

लोंगानिसा करण्याची रीत साधी आहे. चरबीसह मांस जाडसर कापून त्यांत लसूण, मिरें, मीठ, शिरका आणि थोडा चिनी सोया-रस मिसळतात. आंतड्यांत भरून दोऱ्यानें आंखूड आंखूड बांधतात व वाळत टांगतात. तळण्यास तेल लागत नाहीं. तव्यावर थोडें पाणी घालावें. तें आटलें कीं ती स्वतःच्याच चरबींत तांबूस होते. सोबत लसूण घालून परतलेला भात, अंडें, आणि वाटींत पुन्हां तोच शिरका.

गोव्याचें चोरीस खाल्लेल्या वाचकांस हें सारें ओळखीचें वाटेल. तेंही पोर्तुगिजांबरोबर आलें आणि माडाच्या शिरक्यांत मुरून येथलेंच झालें. मात्र गोंयकारांनीं त्यांत मिरचीचा असा मारा केला आहे कीं, विगनचा मनुष्य पहिल्याच घासास पाणी मागेल.