उकिरडा ते कचरा डेपो : माणदेशाच्या निमित्ताने एका शब्दाचा इतिहास

माणदेशातील ग्रामीण कथा वर्गात शिकवताना काही शब्दांपाशी थांबावे लागते. वाकळ, तरवड, वाघर या शब्दांचे अर्थ सांगावे लागतील याची तयारी असते. पण मागे एकदा एका विद्यार्थिनीने 'उकिरडा म्हणजे नक्की काय?' असे विचारले तेव्हा मी क्षणभर गोंधळलो. मुलगी म्हसवडच्याच परिसरातील होती. उकिरडा हा शब्द तिच्या कानावरून गेलेला होता, परंतु केवळ शिवीसारखा. घर अस्ताव्यस्त असले की आई म्हणते तो. उकिरडा ही घराच्या मालकीची, मोजमाप असलेली, वर्षातून एकदा रिकामी होणारी जागा होती हे तिला ठाऊक नव्हते. तिच्या गल्लीत घंटागाडी येते आणि गाडीतला कचरा डेपोवर जातो, एवढे तिला ठाऊक होते.

एक शब्द जाऊन दुसरा येतो तेव्हा त्याच्यामागे बहुधा एक व्यवस्था जाऊन दुसरी आलेली असते. उकिरडा ते कचरा डेपो हा प्रवास स्वच्छतेच्या प्रगतीचा म्हणून सांगण्याची पद्धत आहे. मला तो मालकीच्या बदलाचा इतिहास वाटतो. केर कोणाचा, तो उचलायचा कोणी आणि त्याचे शेवटी होते काय, या तीन प्रश्नांची उत्तरे गेल्या पावणेदोनशे वर्षांत कशी बदलली, हे पाहिल्यावाचून आजचे कचऱ्याचे नियम नीट वाचता येत नाहीत.

म्हसवड माणगंगेच्या काठचे. पाऊस बेताचा आणि बेभरवशाचा, माळाची जमीन उथळ. अशा मुलखात खताला पाण्याच्या खालोखाल मोल असते. गोठ्यातील शेणकूर, जनावरांनी खाऊन उरलेली चिपाडे, चुलीतली राख आणि अंगणातला केर परड्यातल्या खड्ड्यात पडे आणि उन्हाळ्याच्या अखेरीस, पेरणीपूर्वी, गाडीने रानात जाई. वाटणीच्या वेळी घर, बैल, विहिरीची पाळी यांच्या जोडीने उकिरड्याचाही विचार व्हावा इतकी ती मिळकत होती. ज्याच्या उकिरड्यात पुरेसे खत नसे तो धनगराची मेंढरे शेतात बसवून घेई आणि रात्रीच्या मुक्कामाचा मोबदला धान्यात देई. लेंडीखतासाठी माणसे मोबदला मोजत होती, यावरून या प्रदेशात 'टाकाऊ' या शब्दाची व्याप्ती किती लहान होती ते कळते. शेणातले बरेचसे शेणी होऊन चुलीत जाई, आणि चुलीतली राख भांडी घासायला. जुनी लुगडी वाकळेत, फुटकी भांडी मोडीत, विंचरताना गळलेले केससुद्धा 'केसावर भांडी' अशी आरोळी देत येणाऱ्या बाईच्या टोपलीत. उकिरड्यावर जे उरे ते कुजणारेच असे.

या व्यवस्थेचे नियम कोणी लिहिले नव्हते. पण ते होते. आपला केर दुसऱ्याच्या दारात लोटायचा नाही, तिन्हीसांजेला केर बाहेर टाकायचा नाही, केरसुणीला पाय लावायचा नाही. लक्ष्मीपूजनाला नवी केरसुणी हळदकुंकू लावून पुजली जाई. दिवाळीत पहाटे घरातला केर सुपात भरून, जुनी केरसुणी आणि वर पेटता दिवा ठेवून बाई उकिरड्यापर्यंत जात असे. अलक्ष्मीला घराबाहेर काढण्याच्या या विधीत ती बाहेर जाऊन थांबते ती जागा उकिरड्याची, आणि तिथेही दिवा ठेवायचा असतो. ज्या जागेतून पुढल्या वर्षीचे धान्य येणार तिला अंधारात ठेवायचे नाही, असा त्याचा अर्थ मी लावतो.

इथवर लिहून थांबलो असतो तर हा लेख गावगाड्याच्या आठवणींत रमणाऱ्या अनेक लेखांपैकी एक झाला असता. परंतु जी केरसुणी लक्ष्मी म्हणून पुजली जाई, ती शिंदीच्या पानांपासून वळणारे हात मातंगाचे होते. आणि त्या हातांना पूजेच्या घरात प्रवेश नव्हता. उकिरड्यावर न कुजणारी एक गोष्ट गावात होती, ती म्हणजे मेलेले जनावर. ते ओढून नेणे हे महाराचे काम मानले गेले होते. घराघरांचा केर ज्याचा त्याने सांभाळायचा, पण गावाची 'घाण' मात्र एका जातीने, ही या स्वावलंबी दिसणाऱ्या व्यवस्थेची दुसरी बाजू. १९२७ साली महाडच्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी मृत जनावरांशी निगडित कामे आणि मृतमांस सोडून देण्याचे आवाहन केले, ते या न लिहिलेल्या नियमांच्या मुळावर घातलेला घाव होता. महार वतन कायद्याने संपायला १९५८ साल उजाडावे लागले. दया पवारांचे 'बलुतं' १९७८ साली आले आणि गावाच्या स्वच्छतेची किंमत कोणी मोजली हे मराठी वाचकाला आतून वाचावे लागले. उकिरड्याची आठवण काढताना 'बलुतं' मिटून ठेवता येत नाही.

दुसरी व्यवस्था आली ती नगरपालिकेच्या रूपाने. सातारचे राज्य १८४८ साली खालसा झाले. पाठोपाठ आलेल्या १८५० च्या कायद्याने गावकऱ्यांच्या अर्जावरून नगरपालिका स्थापन करण्याची तरतूद केली. पुढे मुंबई इलाख्यासाठी १८७३, १८८४ आणि १९०१ चे जिल्हा नगरपालिका कायदे झाले. तालुक्याचे ठाणे दहिवडीला असूनही नगरपालिका म्हसवडला आली ती एकोणिसाव्या शतकातच. म्हसवड हे बाजाराचे गाव. शिवाय सिद्धनाथ-जोगेश्वरीच्या रथाची यात्रा मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला भरते. यात्रेची गर्दी आणि पटकीची साथ यांचा संबंध तत्कालीन सरकारच्या मनात पक्का बसलेला होता. १८९६-९७ च्या प्लेगने तर घर, परडे आणि उकिरडा यांच्याकडे पाहण्याची सरकारी नजरच बदलली. १८९७ चा साथरोग कायदा त्याच नजरेतून आला. पूर्वी खत म्हणून दिसणारा ढीग आता रोगाचे घर म्हणून दिसू लागला. त्यात तथ्यही होते. दाटीने वसलेल्या पेठेत दारोदार उकिरडे असणे धोक्याचेच होते. इतिहासात अशा वेळी कोणाची तरी बाजू घेण्याचा मोह टाळावा हे बरे.

परंतु त्या बदलात एक गोष्ट निसटली. केर दारातून उचलून पालिकेच्या गाडीत पडला की तो घराचा राहिला नाही, 'सार्वजनिक' झाला. सार्वजनिक या शब्दाला मराठीत एक उजळ अर्थ आहे आणि एक मळका. सार्वजनिक सभेतील 'सार्वजनिक' म्हणजे सर्वांचे. सार्वजनिक कचराकुंडीतील 'सार्वजनिक' म्हणजे कोणाचेच नव्हे. शेतकरी आपल्या उकिरड्यात काच टाकत नसे, कारण ती पुढे त्याच्याच पायात रुतणार होती. कुंडीत टाकलेली काच दुसऱ्याच्या हातात रुतते. तो दुसरा कोण असणार हेही जवळपास ठरलेले होते. गावकीतील सक्तीचे काम सुटले, पगाराचे काम आले, पण बहुतेक शहरांत ते करणाऱ्या जाती त्याच किंवा तशाच राहिल्या. सफाई कामगाराच्या वारसाला त्याच्या जागी नेमावे ही लाड-पागे समितीच्या शिफारशींतून आलेली तरतूद या गुंत्याचे उत्तम उदाहरण आहे. एका बाजूने ती नोकरीची हमी आहे आणि गरीब कुटुंबासाठी हमी ही लहान गोष्ट नव्हे. दुसऱ्या बाजूने बापाचा झाडू मुलाच्या हाती देणारी ती सरकारी वाट आहे. बलुत्याची सावली अशी वारसा हक्काच्या कागदावरही पडते.

मधल्या काळात या दोन व्यवस्थांचा मेळ घालण्याचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. इंदूरच्या संशोधन संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी शेतातील टाकाऊ पदार्थांपासून कंपोस्ट करण्याची पद्धत बसवली आणि १९३१ साली त्यावर पुस्तक लिहिले. शास्त्राने उकिरड्याला दिलेली ती मान्यताच होती. कणकवलीजवळच्या गोपुरीत आप्पासाहेब पटवर्धनांनी मैल्याच्या खताचे आणि संडासाचे प्रयोग केले. सफाई हे जातीचे काम नसून ज्याचे त्याचे आहे, हे स्वतः करून दाखवणे हा त्यामागचा हेतू होता. गाडगेबाबांचा खराटा तर कीर्तनाआधी चाले. गाव झाडून झाल्यावरच रात्री उपदेश. १९६५ च्या महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियमात केरकचऱ्याची विल्हेवाट आणि त्यापासून कंपोस्ट खत तयार करणे ही परिषदेची कर्तव्ये म्हणून नोंदली गेली. म्हणजे केराचे खत व्हावे हा विचार कायद्याच्या कागदावर कधीच मेला नव्हता. मेला तो व्यवहारात, कारण कचऱ्याचा पोतच बदलला. रासायनिक खताच्या गोणीने शेतकऱ्याची उकिरड्याची गरज कमी केली आणि प्लास्टिकच्या पिशवीने उकिरड्याची कुजण्याची शक्ती. यात्रेतील पानांच्या पत्रावळीची जागा थर्माकोलच्या ताटाने घेतली तेव्हा जेवणावळीनंतरचा ढीग शेताच्या कामाचा उरला नाही. मग त्याला गावाबाहेरची जागा शोधावी लागली. डेपो या शब्दाचा मूळ अर्थ साठवण्याचे ठिकाण. लाकडाच्या डेपोतून लाकूड बाहेर पडते, एस.टी.च्या डेपोतून गाडी. कचऱ्याच्या डेपोतून मात्र बहुधा धूरच बाहेर पडत आला.

या ढिगाला न्यायालयात ओढले ते अल्मित्रा पटेल यांच्या १९९६ सालच्या जनहित याचिकेने. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या बर्मन समितीचा अहवाल १९९९ साली आला आणि २००० साली नागरी घनकचऱ्याचे देशव्यापी नियम झाले. त्यांनी कचरा जाळण्यास मनाई केली आणि प्रक्रिया केंद्रे उभारण्यासाठी २००३ अखेरची मुदत दिली. मुदत आली आणि गेली. २०१६ च्या नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग घरातच वेगळे करण्याचे बंधन घातले आणि कचरा वेचणाऱ्यांना या व्यवस्थेत सामावून घेण्यास सांगितले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात राष्ट्रीय हरित लवादाने उघड्यावर कचरा जाळणाऱ्यास ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळणाऱ्यास २५,००० रुपये भरपाई ठरवली. २०१८ साली महाराष्ट्राने प्लास्टिकच्या पिशव्या आणि थर्माकोलची ताटे यांवर बंदी आणली. २०१६ च्या नियमांची जागा आता २०२६ च्या नियमांनी घेतली असून त्यांत वर्गीकरण चार भागांचे आहे.

भाषेच्या अभ्यासकाने या नियमांकडे जरा लक्ष देऊन पाहावे. त्यांत 'कचरा निर्माण करणारा' अशी एक व्यक्ती वावरते. नगरपालिकेने शंभर-दीडशे वर्षांपूर्वी केरावरची घराची मालकी काढून घेतली होती. हे नियम ती घराला परत करू पाहतात. वेगळे करा, ओले जिरवा, घातक ते गुंडाळून स्वतंत्र द्या, ही सारी भाषा कळत-नकळत उकिरड्याच्या धन्याची आहे. ते अशक्य नाही हे आपल्याच जिल्ह्याने दाखवले. एक लाखाखालील लोकसंख्येच्या शहरांत कराड २०२० च्या स्वच्छ सर्वेक्षणात देशात पहिले आले; पाचगणीने कचरा टाकण्याच्या जागेचे उद्यान केले. कोकणातल्या वेंगुर्ल्याने तर डेपो पाहायला लोक यावेत अशी स्थिती आणली. या ठिकाणी यंत्रांपेक्षा घरातल्या वर्गीकरणावर भर होता, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

मात्र परत मिळालेली ही मालकी अर्धी आहे. जबाबदारी आली, शेत आले नाही. उकिरड्याच्या धन्याला आपला केर जोंधळ्याच्या कणसात परतलेला दिसत होता. ओला कचरा हिरव्या डब्यात टाकणाऱ्या गृहिणीला तो कुठे जातो हे दिसत नाही, आणि गाडीत सारे पुन्हा एकत्र होत असेल तर डब्याचा रंग निरर्थक ठरतो. माणदेशाच्या उथळ रानाला सेंद्रिय खताची भूक आहे आणि गावाबाहेर कुजणारा ढीग आहे; या दोहोंमधले अंतर काही कोसांचेही नाही. ते ओलांडले गेले तरच नियम रुजतील. आणि ते ओलांडताना हातमोज्याशिवायचा हात पुन्हा त्याच वस्तीतला असेल, तर आपण उकिरड्यातले तेवढे वाईट राखून चांगले टाकून दिले असे होईल.

त्या विद्यार्थिनीला मी त्या दिवशी उकिरड्याचा अर्थ सांगितला आणि घरी आजीला विचारून ये म्हणालो. दुसऱ्या दिवशी ती एक म्हण घेऊन आली. बारा वर्षांनी उकिरड्याचाही पांग फिटतो, असे आजी म्हणाली होती. पांग फिटणे म्हणजे काय, हा तिचा पुढचा प्रश्न होता. त्याचे उत्तर एका तासिकेत देता आले नाही.